छातीवरची बोटं

संध्याला राग आला की ती भांडत नसे, खात असे. भीती वाटली तरी खाई, आणि काहीच वाटेनासं झालं की जास्तच खाई. तिचा नवरा चंदर सातपूरचा कारखाना बंद पडल्यावर सुरतेला कामाला गेला, तेव्हापासून चपातीला गूळ-तूप लावायचं, गुंडाळी करायची आणि ओट्याशी उभ्या उभ्या गिळायची, हाच तिच्या दुपारचा उद्योग झाला. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या पीसीओवर त्याचे फोन यायचे. मग कमी झाले, मग थांबले. इकडे साखर वाढत गेली, पायाच्या अंगठ्याची जखम काही भरेना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "हे खाणं थांबलं नाही तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल." त्या दिवशी घरी येऊन ती आधी गुळाच्या डब्याकडेच गेली. माणसाचं डोकं कसं चालतं बघा!

कॉलनीतल्या विहारात बायकांचं शिबिर झालं. नाशिकरोडच्या पल्लवीताई शिकवायला आल्या होत्या. खावंसं वाटलं की भुवईजवळ, डोळ्याखाली, हनुवटीवर, गळ्याखालच्या हाडावर दोन बोटांनी हलकेच ठोकत राहायचं आणि म्हणायचं, "माझा जीव घाबरलाय, तरी मी माझी आहे." बायका पदराआड हसल्या. संध्या हसली नाही. तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि नवल म्हणजे, थोडंफार जमायला लागलं. डबा उघडायच्या आधी ती ठोकत बसे. रडू फुटे, पण खायची ओढ मागे सरे. एकदा न्हाऊन केस मोकळे सोडलेले, डोळ्यांत पाणी, कपाळावर नि छातीवर बोटं आपटतायत, अशी ती बसलेली असताना सासू पुतळाबाई नळावरून परतल्या. हंडा दारातच पडला.

"काय झालं गं माझ्या चंदरला!" म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं सगळी गल्ली गोळा झाली. शेजारच्या रंगूबाईंनी तर गळ्यात पडून रडायलाही सुरुवात केली. खरा प्रकार कळल्यावर पुतळाबाईंचा पारा चढला.

"नवरा जिता हाय अन् तू ऊर बडवतीस? माझ्या घरात हे अभद्र पुन्हा नाय चालायचं!"

संध्यानं बोटं आवरली आणि डबा पुन्हा उघडला. मोरीचं दार लावून ठोकायचा प्रयत्न तिनं केला, पण आपण खरंच चंदरच्या जिवावर उठलोय की काय, या धास्तीनं हात थिजायचा. जखम काळी पडू लागली.

मग सुरतेला चंदरबरोबर काम करणारा भिकन आला. चहाला नको म्हणाला आणि मान खाली घालून बोलला. चंदरनं तिकडं दुसरं घर केलंय, मूलही झालंय. "शोधायला येऊ नका म्हणाला, वहिनी."

तो गेल्यावर संध्या लंगडत ओट्याशी गेली. चपाती नव्हतीच. तिनं गुळाचा खडा नुसताच तोंडात कोंबला, त्यावर दुसरा. रडूसुद्धा येत नव्हतं. मागून पुतळाबाई आल्या. त्यांनी डबा हिसकावला, सुनेचा चिकट हात धरला आणि तिच्याच छातीवर टेकवला.

"बडव," त्या म्हणाल्या. "मेला तो आपल्याला. आता बडव, मी काय बोलत नाय."

संध्याची बोटं हलेनात. तेव्हा म्हातारी स्वतःच तिच्या गळ्याखाली ठोकू लागली, वेडंवाकडं, जमेल तसं.

"खाऊ नको गं माझे बाई. तू तरी जिती राहा."