तात्यासाहेब आणि बिनकिल्लीचं कुलूप

आमच्या कुमुदच्या सासऱ्यांशी माझी पहिली सविस्तर बातचीत संडासाच्या बंद दारातून झाली. ते आत होते, मी बाहेर होतो आणि मधलं कुलूप माझं होतं.

आता, कुलपं उघडण्याचा छंद सभ्य घरातल्या माणसाला कसा लागतो, हे आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही माझ्याबद्दल भलताच समज करून घ्याल. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही गौलीगुड्यातलं घर बंद करून सोलापूरला मावशीकडे जाऊन राहिलो होतो. निघताना आप्पांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी, वकील माणूस, सगळी वकिली उर्दूत केलेली) घरातल्या यच्चयावत वस्तूंना कुलपं ठोकली. पुढे पोलिस ॲक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात आलं आणि आम्ही गौलीगुड्यात परत आलो. घर शाबूत, कुलपं शाबूत! फक्त कपाटाची किल्ली पेटीत होती आणि पेटीची किल्ली कपाटात होती.

“हे असं कसं झालं म्हणते मी?” आईनं विचारलं.

“एहतियात म्हणून,” आप्पा म्हणाले. (म्हणजे खबरदारी. अडचणीत आले की ते उर्दूत शिरत.)

“मग आता त्या एहतियातीलाच सांगा उघडायला!”

मी छत्रीची एक काडी वाकवून पेटीच्या कुलपात सहज फिरवली आणि देवाशपथ सांगतो, ते उघडलं! का उघडलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या एका ‘खट्’नं माझं डोकं फिरलं. शाळेत मुलांना भूमिती शिकवणारा मी, त्या दिवसापासून स्वतःला मोठा कारागीर समजू लागलो.

आप्पांनी इजाजत दिली, पण शर्ती घालून. कुलूप आपल्या मालकीचं हवं. दाराला लागलेल्या कुलपाला हात लावायचा नाही. मोडतोड अजिबात नाही. “यातली एक जरी शर्त मोडलीस, तर तुझा मुकदमा मी लढणार नाही,” असंही वर सांगितलं. मी तिन्ही शर्ती तोंडपाठ केल्या आणि सरावासाठी कुलूप आणायला जुमेरात बाजार गाठला.

तिथं जुन्या लोखंडाच्या ढिगात एक पितळी कुलूप दिसलं. चांगलं मुठीएवढं, नुसतं दाबलं की बसणारं.

“चाबी?” मी विचारलं.

“चाबी रहती तो बेचते कायकू, साब?” दुकानदार म्हणाला. मला असंच हवं होतं!

या कुलपाचं नाव मी ‘नवाब’ ठेवलं, कारण ते मर्जी असेल तेव्हाच उघडायचं. संध्याकाळी माझी धाकटी बहीण कुमुद नवाबाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची आणि मी एका तारेनं दाब देऊन दुसरीनं आतल्या पट्ट्या चाचपायचो. चाचपताना तिला समजावूनही सांगायचो. ती नुसतं “हं” म्हणायची. गंमत अशी, की मी तासभर घाम गाळून चहाला उठायचो आणि परत येऊन बघतो तर नवाब उघडलेला! माझ्या मेहनतीनं तो सैल होऊन मागाहून उघडत असावा, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला होता.

अशातच कुमुदला तारनाक्याचं स्थळ सांगून आलं. उदगीरकरांचा वसंता. वडील तात्यासाहेब रेल्वेत अधिकारी. याआधीच्या दोन स्थळांनी “आता शिक्षण पुरे” असं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा कुमुद माजघरात जाऊन रडली होती. उदगीरकरांनी मात्र आपणहून निरोप धाडला होता, की मुलीला शिकायचं असेल तर युनिव्हर्सिटी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. कुमुदनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “दादा, काहीही कर, पण हे स्थळ हातचं घालवू नको.” तिचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, “माझ्यावर सोड.” (हीच चूक झाली.)

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या वेळेला आई माझ्यावर ओरडली, “ते तुझं भंगार उचल आधी! चोराचं घर समजतील लोकं!” मी तारा कुठंतरी कोंबल्या आणि उघडा नवाब लाकडाच्या खोपटात टाकायला परसात धावलो. तेवढ्यात पुढच्या दारी “आहेत का वकीलसाहेब?” अशी हाक आली. मी हातातलं कुलूप दिसेल त्या कोयंड्यात अडकवलं आणि पळत पुढे गेलो. तो कोयंडा संडासाचा होता. शेजाऱ्यांनी वापरू नये म्हणून बाहेरून कडी-कोयंडा आम्हीच बसवलेला.

आता इथं आमच्या घराची एक सवय सांगितली पाहिजे. त्या धामधुमीनं आम्हा सगळ्यांना कुलपांचं वेड लावलं होतं. उघडं कुलूप दिसलं की त्याची कडी चढवायची, कुलूप दाबायचं आणि दोनदा ओढून बघायचं! आत काय आहे, कुलूप कुणाचं आहे, असल्या चौकशा कुणी करत नसे. शेजारच्या काकूंचं कोंबड्यांचं खुराडंसुद्धा आई येता-जाता लावून यायची.

पोहे झाले. तात्यासाहेबांनी आप्पांच्या कानात काहीतरी विचारलं, आप्पांनी परसाकडे बोट दाखवलं. तात्यासाहेब तांब्या घेऊन आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आई कोथिंबीर खुडून तिथून परतली. दार बंद, कडी मोकळी, कुलूप उघडं! आईनं कडी चढवली. नवाब दाबला. दोनदा ओढून बघितला आणि समाधानानं स्वैपाकघरात गेली.

मी पाणी आणायला आत आलो, तर परसातून अदबशीर आवाज आला, “अहो, कुणी आहे का?” मी जाऊन बघतो तो काय! कडीला नवाब, तोही बसलेला!

“तात्यासाहेब, जरा... कुलूप लागलंय.”

“मग काढा की!”

“किल्ली नाही.”

“हरवली?”

“नाही, नव्हतीच.”

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग प्रश्न आला, “किल्ली नसलेलं कुलूप तुम्ही संडासाला लावता?”

माझ्या तारा कुठं कोंबल्या ते काही केल्या आठवेना. ओसरीच्या दाराआड खुंटीवर एक छत्री टांगलेली होती, तिची काडी मी मोडून घेतली. (छत्री आमची नव्हती, हे नंतर कळलं.) काडी घालून मी खुडबुड सुरू केली. नवाबाला आजवर कुमुदनं धरलेलं होतं. इथं तो दारावर लोंबकळत होता आणि मी काडी फिरवली की तोही माझ्याबरोबर फिरत होता!

इकडे ओसरीवरून बोलणं ऐकू येत होतं. वसंताच्या आई विचारत होत्या, “हे कुठं राहिले?”

“बाग बघताहेत,” आप्पा म्हणाले.

“इतका वेळ?”

“बाग मोठी आहे.” (बागेत एक तुळस होती आणि एक पपई.)

आतून तात्यासाहेबांचा आवाज चढला. “अहो मास्तर, कोयंडा उचकटा सरळ!”

“तसं करता येत नाही. मोडतोड करायची नाही, हा माझा नियम आहे.”

“संडासात मुक्काम करायचा नाही, हा माझा नियम आहे!”

एवढ्यात आई बाहेर आली आणि सगळा प्रकार पाहून तिनं कपाळावर हात मारला. “अगं बाई! मीच लावलं की! तुला कुणी सांगितलं रे तिथं टांगायला? गेलं, हे बी स्थळ गेलं!” मला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं. कुमुदचं कॉलेज, तिचं लग्न, सगळं त्या पितळी गोळ्यात अडकलं होतं आणि मी छत्रीची काडी घेऊन उभा होतो.

बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नसतं. पण कुमुद आली, जरीच्या पातळात, हातात चहाचा ट्रे. ट्रे तिनं आईकडे दिला.

“दादा, सरक.”

“अगं, तुला काय येतंय त्यातलं?”

“तू नुसता जोर करतोस. धर याला नीट.”

तिनं अंबाड्यातला आकडा काढला, वाकडा केला, माझ्या हातातली काडी घेतली आणि नवाबाच्या पोटात घातली. खट्! मी चहाला जात होतो तेव्हा काय चालत असे, ते मला त्या क्षणी कळलं.

दार उघडलं. तात्यासाहेब बाहेर आले. समोर होणारी सून, अंबाडा सुटून केस पाठीवर आलेले, एका हातात आकडा, दुसऱ्या हातात कुलूप! ती घाबरून पटकन पाया पडायला वाकली.

“थांब पोरी,” तात्यासाहेब म्हणाले, “मला आधी हात धुऊ दे.”

ओसरीवर सगळे जमले. मुलगी कुलपं उघडते हे कळलं तर सगळंच संपलं, म्हणून आप्पांनी घाईनं बाजू मांडली, “माफ करा. कुलूप आमच्या चिरंजीवांनी उघडलं, त्यांना तो शौक आहे.”

“छे, छे! चिरंजीवांची खुडबुड मी आतून सबंध ऐकली. उघडलं ते मुलीनं,” तात्यासाहेब म्हणाले. “रेल्वेतला माणूस आहे मी. गाडी कुणी अडवली आणि कुणी सोडली, ते मला बरोबर कळतं. मुलगी पसंत आहे.”

“अहो, पण मी अजून पाहिली कुठं?” वसंताच्या आई म्हणाल्या.

वसंता मात्र इतका वेळ परसाच्या दाराआड उभा राहून हसत होता. त्याला कुणी काही विचारायची गरजच उरली नाही. निघताना तात्यासाहेबांनी खुंटीवरची छत्री घेतली, उघडली, एका बाजूनं लोंबणारं कापड पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

लग्न थाटात झालं. कुमुद कॉलेजात गेली. लग्नात कानपिळ्या म्हणून मी वसंताचा कान चांगला जोरात पिळला (मनात थोडा राग होताच) आणि रिवाजाप्रमाणे मला मानाची भेट मिळाली. रेशमी रुमालात गुंडाळलेली जड डबी. सगळ्या मांडवासमोर मी ती ऐटीत उघडली. आत एक नवंकोरं कुलूप होतं, आणि मास्तरांची पंचाईत होऊ नये म्हणून तात्यासाहेबांनी त्याला आठवणीनं किल्ली बांधून दिली होती!