टॉवेल कोणी फेकायचा?

देवराम सोनवणे सर नसते, तर डर्मटचा तो ईमेल मला वाचताही आला नसता. सरांमुळे वाचता आला. चुकीचा समजला, तो दोष माझा.

ईमेल आला तेव्हा शेठजी माझ्या खुर्चीमागेच उभे होते. शेठजी म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक. जळगाव एमआयडीसीत आम्ही प्लॅस्टिकच्या चटया करतो. दाणा वितळवून बारीक नळ्या काढायच्या आणि त्या सुतात लूमवर विणायच्या, असं काम. मी एक्स्पोर्ट बघतो. परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. डर्मट आयर्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात कॅम्पिंगचं सामान विकतो. त्याच्यासाठी हिरव्या-करड्या पट्ट्यांची चटई चार लूमवर चालू होती. अर्धा माल तयार होता. आपल्याकडे तो रंग कोणी घेत नाही.

ईमेल चारच ओळींचा होता. ख्रिसमसपासून आम्ही 'ऑन द रोप्स' आहोत. दोन फटके 'ऑन द चिन' घेतले. भाऊ म्हणतो, 'थ्रो इन द टॉवेल'. मी खाली आहे, काउंट सहावर आलाय, तुमचं काय म्हणणं?

"काय म्हणतो?" शेठजींनी विचारलं.

"अडचणीत आहे, शेठजी. पडलोय म्हणतो. भाऊ सोडून दे म्हणतोय."

"आणि हे टॉवेल? आपण टॉवेल कधीपासून करायला लागलो?"

"ती म्हण आहे. हार मानणं."

"म्हणजे चीतपट?"

"हो. तसंच."

"मग कशाला विणत बसायचं? उतरवा हिरवा. लाल चढवा."

सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. शेठजींसमोर झटकन उत्तर देता आलं, याचा मला आनंदसुद्धा झाला होता.

निरोप घेऊन मी लूमवर गेलो. लाल नळी तयार व्हायला पाच दिवस लागणार होते. तोवर त्या चार लूमवरच्या माणसांना काम नव्हतं. सुपडू भाऊ अमळनेरहून रोज गाडीने येतात. त्यांनी लूम थांबवला आणि हात पुसले.

"बठ्ठं उतारी टाकू?"

"हो, भाऊ. सगळं."

"मंग उद्या येवानं का नही, तेवढं सांगा."

मी सांगतो म्हणालो आणि परत आलो.

डबा खाताना ईमेल पुन्हा उघडला. आता मागे कोणी उभं नव्हतं. भडगावच्या शाळेत आम्हाला इंग्रजीचे शिक्षक नव्हते. दोन वर्षं ती जागा रिकामी होती. सोनवणे सर पीटीचे, पण इंग्रजीचा तास त्यांनी घेतला. ते जिल्ह्याच्या बॉक्सिंग स्पर्धांत रेफरी असायचे. फळ्यावर बॉक्सिंगच्या रिंगणाचा चौकोन काढायचे आणि एकेक वाक्प्रचार त्यात उभा करायचे. माझे वडील वीटभट्टीवर होते. घरात इंग्रजी अक्षर नव्हतं. मला पहिलं कळलेलं इंग्रजी त्या चौकोनातलं.

मी एका जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर तसाच चौकोन काढला. ज्यांनी जन्मात रिंगण पाहिलं नाही, तेही इंग्रजीत रोज यातलंच बोलतात. परीक्षेचा निकाल खराब लागला, मुकाट्याने सोसला, की 'ऑन द चिन'. हनुवटीवर घेतला पण पाय टेकलेले आहेत. मार खात मागे सरकत दोरांना पाठ लागली, की 'ऑन द रोप्स'. कोपऱ्यात सापडला आहे, पण उभा आहे. मास्तरांनी आपल्याला प्रश्न विचारला आणि तेवढ्यात तास संपला, तर 'सेव्ह्ड बाय द बेल'. यावर सर हसायचे. म्हणायचे, घंटा झाली तरी आम्ही मोजणं थांबवत नाही. म्हण म्हणते घंटेने वाचवलं, नियम म्हणतो नाही.

आणि 'काउंट'. खेळाडू पडला की रेफरी दहापर्यंत मोजतो. दहा झाले की नॉकआउट. तोवर खेळ चालू.

इथे माझा घास थांबला. शेठजींनी 'चीतपट' म्हटलं आणि मी 'हो' म्हणालो होतो. आपण आखाडा पाहून मोठे झालेले. कुस्तीत पाठ टेकली की निकाल. डर्मटच्या खेळात पडल्यानंतर मोजायला सुरुवात होते. मी त्याचा खेळ आपल्या आखाड्यात बसवला होता.

तरी खात्री हवी होती. सर आता धुळ्याला मुलीकडे असतात. फोन लावला.

"कोन? गोकुळ? नोकरी शे ना रे?"

"आहे, सर. एक ईमेल वाचतो, ऐका."

त्यांनी शांतपणे ऐकला.

"काउंट कितीवर शे म्हने?"

"सहावर."

"मंग चार बाकी शेतस. आते माले सांग, टॉवेल कोन फेकस?"

"कोपऱ्यातला माणूस. खेळाडूचा जोडीदार."

"खेळनारा फेकस का?"

"नाही, सर."

"मंग तेनी चिठ्ठी कोनले लिखी?"

मी ईमेलवरचं नाव पाहिलं. आमच्याच कारखान्याचं होतं.

"तुमले लिखी ना? मंग कोपरामा कोन उभा शे? फोन ठेव आनि पय."

मी पळालोच.

"शेठजी, सकाळी मी चुकलो. तो संपलाय असं त्याने लिहिलेलं नाही. मी सोडू की नको, असं तो आपल्याला विचारतोय."

शेठजींनी चष्मा काढला. "तू भाषांतर करतोस की निकाल देतोस?"

शेठजींनी लूमच्या दिशेने हात केला.

"दोन लूम उतरलेसुद्धा. आता परत चढवू का?"

"राहिलेले दोन चालू ठेवा. त्याला काय हवं ते आधी विचारू."

"लिही. आणि साधं लिही. तुझा तो चौकोन नको त्यात."

साधंच लिहिलं. अर्धा माल तयार आहे. या उन्हाळ्यात तुमच्याकडे किती खपेल, सांगा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तयार माल लगेच पाठवा, राहिलेल्यातला निम्मा लहान मापात करा, बाकी रद्द. खाली एक ओळ होती: असाच ईमेल मी आणखी तिघांना पाठवला होता, उत्तर फक्त तुमचं आलं.

दोन लूम चालले. उतरलेल्या दोनपैकी एक सुपडू भाऊंचा होता. ते पाच दिवस घरी बसले. परत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या 'हो'सकट. ते नळी लावत ऐकत होते.

"तेले दहा आकडा, आमले पाच दिन," ते म्हणाले. "बरा खेय शे तुमना."

तेव्हापासून मी ईमेल आधी ओळीने वाचून दाखवतो आणि अर्थ विचारला तरच सांगतो. शेठजी चिडतात, पण थांबतात.

सरांना फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहिलं.

आदरणीय सर,
शिरसाष्टांग नमस्कार.

डर्मटचा माल पोहोचला आणि सीझनमध्ये विकलाही गेला. त्याने दुकानासमोर अंथरलेल्या चटईचा फोटो पाठवला आहे. भाऊ मात्र अजून दुकान बंद कर म्हणतो. पुढच्या ऑर्डरचं आत्ता सांगता येत नाही, असं त्याने कळवलं आहे.

काल शेठजींनी विचारलं, तगला ना डर्मट? या वेळी मी लगेच 'हो' म्हणालो नाही.

नववीत मी तुम्हाला विचारलं होतं, पडलेला पोरगा तीनलाच उठतो, तरी तुम्ही आठपर्यंत का मोजत बसता? तुम्ही म्हणाला होतात, तो उठलाय की नुसता उभा आहे, ते बघायला.

डर्मट उभा आहे. शेठजींना मी तेवढंच सांगितलं.

तुमचा विद्यार्थी,
गोकुळ