लिंबोणीखालचा फोटो

फोटूवाले मामा गिऱ्हाइकाला जे सांगत, तेच अळीलाही सांगत. काळ्या कापडात डोकं खुपसून आतून म्हणत, "दम धर, हालू नको. हालशी ते भूत व्हशी." नवरदेव धसका घेऊन श्वास रोखत. अळी मात्र निवांत पान खात राही. मग मामा कापडाबाहेर येत, तिच्याकडे बघून हसत आणि पुन्हा आत जात.

नंदुरबारात त्यांचा स्टुडिओ म्हणजे पुढची खोली आणि मागचं परस. पुढे माणसांचे फोटो निघत. मागे मुंगळ्यांचे, नाकतोड्यांचे, जाळ्यातल्या कोळ्यांचे. दुपारी परसात जावं तर लिंबोणीच्या सावलीत पालथे पडलेले मामा दिसायचे. पानांमधून ऊन ठिबकत असायचं, लिंबाच्या फुलांचा वास दाटलेला असायचा आणि मला बसल्या बसल्या डुलकी लागायची. आई गेल्यापासून लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडेच होते. मामी म्हणायची, ह्यांना सासुरवाडीच्या माणसांची नावं आठवत नाहीत, पण कुठली अळी कुठल्या फांदीवर ते विचारा.

तेव्हा फोटो आधी काचेवर उमटे, मग कागदावर छापत; ती काच दुरुस्त करण्यात मात्र मामांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिरक्या चौकटीत फोटोची काच, मागून आरशाचा उजेड, हातात टोकदार पेन्सिल नि बारीकसं पातं. देवीचे व्रण पुसायचे, विरळ मिशा दाट करायच्या. कितीक नवरदेव फोटोत पहिल्यांदा देखणे झाले. किड्यांच्या काचेला ते पेन्सिल लावत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "त्यास्ना सोयरा फोटू देखाले येतस का?"

फुलपाखरू त्यांना कधी साधलं नव्हतं. त्या काळच्या काचा मंद, चित्र उमटायला वेळ घेणाऱ्या, आणि पाखरू एका जागी ठरेल तर शपथ. पण कोषातून नुकतंच निघालेलं पाखरू पंख वाळेपर्यंत जागचं हलत नाही, हे ध्यानात आल्यापासून मामा लिंबोणीवरच्या एका कोषाकडे डोळे लावून बसले. त्यातच महायुद्धाच्या लढाईमुळे विलायतेहून काचा येईनाशा झाल्या. शेवटची एक उरली, ती त्यांनी काळ्या कागदात गुंडाळून देवघरात ठेवली. पेठेतल्या एका शेठजींच्या घरच्या लग्नालाही नाही म्हणाले.

ज्या सकाळी कोष उकलला, त्याच सकाळी ब्राह्मणपुरीहून एक बाई आली. सोबत तरुण मुलगा. तो लष्करात भरती झाला होता आणि दुपारच्या गाडीने निघणार होता. तिच्याजवळ त्याचा एकही फोटो नव्हता. मामा म्हणाले, काच नाही. ती ओट्यावर बसून राहिली. मामा परसात गेले, आले, पुन्हा गेले. मग तोंडभर हसून म्हणाले, मागे चला, तिथे उजेड चांगला आहे.

उजेडाचं निमित्त होतं. मामांनी लबाडी केली होती. मायलेकांना त्यांनी लिंबोणीशी अशा बेताने बसवलं की पाखराची फांदी नेमकी दोघांच्या मध्ये यावी. मुलाला त्यांनी समोर बघायला सांगितलं. तो बघतही होता. पण कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढायच्या आधी पाखराने हळूच पंख उघडले, त्याची नजर तिकडे गेली नि ओठांवर हसू आलं. तो तसाच राहिला. मामांनी झाकण काढलं आणि लावलं.

लाल दिव्याच्या उजेडात काच धुताना मामा अक्षरशः नाचले. पंखांवरचा ठिपका न् ठिपका उमटला होता. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी काच चौकटीत लावली आणि मुलाच्या नजरेपाशी ते अडले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी पातं उचललं. मी त्यांचा हात धरला. निदान आपल्यासाठी एक प्रत आधी छापून घ्या, म्हटलं.

"छापी लिधं ते मंग मन्हा हात चालनार नही," मामा म्हणाले. मग काचेवर बोट न टेकवता दाखवलं. "देख. पाखरू ऱ्हायनं ते पोऱ्या पाखरूकडे देखस. पाखरू गयं, का मायकडे देखस."

दिवसभर ते पंखांच्या जागी पानं भरत होते. मला रडू येत होतं, रागही येत होता. संध्याकाळी प्रत निघाली. लिंबोणीखाली एक मुलगा आपल्या आईकडे बघून हसत होता.

तो मुलगा लढाईवरून परतला नाही. पुढे काचा मिळू लागल्या, तोवर मामांचे हात कापायला लागले होते. फुलपाखरू राहूनच गेलं, आणि मग मामाही गेले.

एका आखाजीच्या सणाला मी मामीकडे आले होते, तेव्हा ती बाई आली. मामा गेल्याचं तिला बाजारात कळलं होतं. तिने लुगड्याच्या ओच्यातून फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला.

"तुन्हा मामानी त्याले सांगं व्हतं, समोर देख," ती म्हणाली. "पन त्यानी मन्हाकडेच देखं."

मी तिचा हात हातात घेतला आणि हो म्हटलं.