वरातीच्या घोडीला उडी शिकवताना

अकोल्यात माझं चष्म्याचं काम आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत माणसांना अक्षरं वाचायला लावायची आणि नंबर काढायचा. एका दुपारी फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ जवळचा चष्मा करायला आले. नोकरी सगळी घोड्यांवर झालेली, आता बाळापूर रोडला आपल्या शेतात घोडेस्वारी शिकवतात, असं बोलता बोलता कळलं. मी सहज विचारलं, "घोड्याला कसं दिसत असेल हो?"

"मले काय विचारता? एखाद्या रविवारी या अन् त्यालेच विचारा."

मी खरंच गेले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा. शेचाळिसाव्या वर्षी हे काय सुरू केलंय ते नवऱ्याला समजेना. "तुले घोड्यावर कुठी जाचं हाय?" तो म्हणाला.

"कुठीच नाई. गोल फिराचं हाय," मी म्हणाले.

तिथे त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी मला शिकायला एक पांढरी घोडी दिली. ती अकोटच्या वरातींमध्ये नवरदेव मिरवायची. मग तिकडचे नवरदेव उघड्या जीपमधून निघायला लागले आणि मालकाने तिला विकून टाकलं. स्वभावाने अगदी शांत. कानाजवळ फटाका फुटला तरी शेपटी हलायची नाही. पण चालण्याबद्दल तिची समजूत पक्की होती. वरात चार पावलं चालते, पोरं नाचतात, मग पुन्हा चार पावलं. तशीच ती रिंगणात चालायची आणि थांबायची. मी पाय दाबले की एक कान मागे करून ऐकायची, म्हणजे नाच संपला का? शिवाय आयुष्यभर सरळ रस्त्यावरून गेलेली, त्यामुळे गोल फिरताना फळीसारखी ताठ राहायची.

"तुमालेही येत नाई, तिलेही येत नाई," सर म्हणाले. "दोघीजणी पहिलीत बसा."

तो सगळा हिवाळा आम्ही रिंगणात घालवला. गोल, अर्धा गोल, आडवी रेघ, थांबा, निघा. बघणाऱ्याला कंटाळा येईल असं काम, पण मला दर वेळी नवीन प्रश्न पडायचा. मी डावीकडे बघितलं की लगाम ओढायच्या आधीच ती डावीकडे कशी वळते? सर म्हणाले, मान वळली की कंबर वळते, आणि ते तिला पाठीवर कळतं. एवढ्या जाड खोगिरातून? त्यांनी तिच्या पोटाकडे बोट दाखवलं. तिथे एक माशी बसली होती आणि नेमकी तेवढीच कातडी थरथरत होती.

एकदा त्यांनी मला वर बसवून घोडीला लांब दोरीवर गोल फिरवलं आणि म्हणाले, "डोये मिटा. मागचा डावा पाय टेकला की सांगा."

"आता."

"नाई."

"आता?"

"अंदाजानं नका सांगू. कंबरीले विचारा."

बरेच रविवार माझं चुकतच राहिलं. मग एका सकाळी डावा कुल्हा किंचित वर उचलला गेल्याचं जाणवलं, मग उजवा, मग पुन्हा डावा. मी "आता, आता" म्हणत गेले आणि सर काहीच बोलले नाहीत. बरोबर असलं की ते गप्प राहत. त्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या चढतानासुद्धा मी माझेच पाय मोजत होते.

उन्हाळ्यात दुडकी चाल आली. तिच्या तालावर उठबस करताना माझी हाडं खिळखिळी झाली, पण घोडी मात्र मध्येच थांबायचं विसरली. मग जमिनीवर साधे लाकडी दांडे ठेवून त्यांवरून चालवणं झालं. पावसाळ्यात, रान हिरवंगार झाल्यावर, सरांनी दोन ठोकळ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीचा दांडा ठेवला. केशरी रंगाचा.

घोडी छान दुडकत गेली आणि दांड्याशी येऊन थांबली. मी थांबले नाही. तिच्या मानेवरून पलीकडे, ओल्या गवतात जाऊन पडले.

"हात हलवा. पाय हलवा," सर धावत येत म्हणाले. "हं, आता उठा." घोडी मान खाली घालून माझ्या हेल्मेटचा वास घेत होती.

त्या दिवशी ती परत परत अडली. "तुमी खाली काहून पाहून राहिल्या?" सर म्हणाले. "दांडा तिले पाहू द्या. तुमी पुढं पाहा."

पण सोमवारी दुकानात बसल्यावर माझ्या डोक्यात वेगळंच आलं. काही गिऱ्हाइकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. घोड्याचे डोळे काहीसे तसेच असतात असं मी वाचलं होतं. मग हिरव्या गवतावरचा केशरी दांडा तिला दिसत तरी असेल का? हे मी सरांना सांगितलं.

"इतकी वर्षं केशरी दांड्यावरून घोडे नेले मी. असं कोनी अडलं नाई."

"तिथं खाली गवत होतं?"

"वायू होती, रेती," ते म्हणाले, आणि तबेल्यातून चुन्याची बादली घेऊन आले. दांडा पांढरा झाला. घोडीने कान टवकारले, दुडकत आली आणि उडाली. मी तिची आयाळ घट्ट धरून वरच होते! तो आठवडाभर चष्मा करायला आलेल्या प्रत्येकाला मी घोड्याच्या डोळ्यांबद्दल ऐकवलं.

पुढच्या रविवारी ती त्याच पांढऱ्या दांड्याशी अडली.

"मॅडम, कुठी पाहत होत्या?" सरांनी हळूच विचारलं.

मी दांड्याकडे बघत होते. तिला तो दिसतोय का, हे बघायला. सर एवढे हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मग मलाही हसू आवरेना.

दिवाळीनंतर अमरावतीला नवशिक्यांची एक छोटी स्पर्धा होती. घोडी ट्रकमधून नेली. बाकी स्वार शाळकरी मुलं, वाचायचा चष्मा फक्त माझ्याकडे. आमची पाळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पहिले दोन अडथळे तिने आरामात घेतले. तिसऱ्याला मात्र एक पाऊल आधीच उडाली. माझ्या एका पायातली रिकीब सुटली, मागे दांडा पडल्याचा आवाज आला, आणि उरलेलं सगळं मी एकाच पायावर तोल सांभाळत पूर्ण केलं. बक्षीस नाही मिळालं, पण खालीही पडले नाही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला चहाला थांबलो. घोडी ट्रकमध्ये कडबा खात उभी होती.

"ती आधी काहून उडाली?" मी विचारलं.

"पाहणाऱ्यांच्या मांडवाचं कापड फडफडलं."

"मला वाटतं, दांड्याची सावली अलीकडे पडली होती. तिने सावलीवरूनच उडी मारली."

सरांनी सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकावर एक रेघ ओढली, तिच्या अलीकडे दुसरी. मग म्हणाले, "या रविवारी सकायी नका येऊ. उन्हं उतरल्यावर या."

गेले. सावली लांब पडलेली, दांडा पांढरा, नजर पुढे. घोडी एक पाऊल आधी उडाली. "अरे!" सर ओरडले. पुन्हा वळून आले, तीच सावली, तोच दांडा. या वेळी ती सावली तुडवत अगदी जवळ आली आणि नेमक्या जागेवरून उडाली.

मी लगाम सैल सोडला. सर सावलीजवळ उकिडवे बसून खुरांच्या खुणा बघत होते. पहिल्यांदा फसलेली ती दुसऱ्यांदा कशी नाही फसली, हे शोधायला मीही खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.