बेलवलीची पातेली

चोर विसरलो, दरोडेखोर विसरलो, पण बेलवलीच्या त्या मंडळाची चौकशी आजही डोक्यातून जात नाही. कारण त्यात सगळ्यात भक्कम पुरावा माझ्याविरुद्ध निघाला.

कोकणातल्या बेलवली गावच्या, इथे शहरात राहणाऱ्या लोकांचं हे मंडळ. वर्गणीतून साठलेली गंगाजळी खजिनदार काकूंनी बँकेतून काढून हडप केली, अशी खबर खुद्द अध्यक्षांनी फोनवर दिली. मागोमाग लेखी अर्जही आला. त्यांना त्या पैशांत वर्धापनदिनाला ऑर्केस्ट्रा हवा होता. माझ्या घरी त्याच संध्याकाळी मुलीचा साखरपुडा. म्हटलं, जेवणाआधी उरकून टाकू.

काकूंना पोलीस ठाण्यात बोलावलं. शेजारी अध्यक्ष, दाराशी हवालदार.

"पैसे कुठायत?"

"भांडी घेतली, साहेब. सभेत ठराव झालाय."

"मी नाही ऐकला," अध्यक्ष म्हणाले.

"वडे वाटताना कसा ऐकणार, भाऊ? भांडी भाड्याने दिली तर मंडळाला चार पैसे येतात. ऑर्केस्ट्रा काय देणार?"

"भांडी दाखवा," मी म्हणालो.

"आज एका कार्याला गेलीत."

"कुणाच्या?"

काकू घुटमळल्या. "तुम्हाला एकट्याला सांगते."

मी टेबलावर हात आपटला. "इथे एकट्याला काही नाही. जे काय ते सगळ्यांसमोर."

"मग नाही सांगत."

बाई काहीतरी लपवतायत, हे माझ्या अनुभवी नजरेने लगेच ओळखलं. सकाळपर्यंत भांडी आली नाहीत तर गुन्हा दाखल करीन, असा दम भरला. काकू डोळे पुसत उठल्या.

घरी आलो. गच्चीवर आचारी मसालेभात ढवळत होता. वास घ्यायला वाकलो, तर पातेल्याच्या काठावर मंडळाचं नाव कोरलेलं.

"ही कुठून आणलीस?" बायकोला विचारलं.

"बेलवलीच्या काकूंकडून. तुमचं नाव सांगितलं, तर त्यांनी भाडं नाही मागितलं की अनामत नाही."

म्हणजे मुद्देमाल माझ्याच गच्चीवर शिजत होता. पंचनामा करायचा तर पहिला पंच माझा व्याही.

सकाळी पातेली घासून, भाड्यासकट ठाण्यात हजर केली. अध्यक्ष येऊन बसलेच होते. काकू आल्या, तसा मी हळूच म्हणालो, "काकू, जरा बाजूला या. तुमच्या एकटीशी बोलायचंय."

त्यांनी पातेल्याचा तळ निरखला, खुर्ची पुढे ओढली आणि पदर सावरून बसल्या.

"इथेच बोला की, साहेब. सगळ्यांसमोर."

बोललो. हवालदार भिंतीकडे तोंड करून हसत होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, 'एकट्याला सांगते' असं कुणी म्हटलं की मी आधी खोली रिकामी करायचो. आणि कुठल्याही पंगतीत, पान वाढायच्या आधी पातेल्याचा काठ वाचून घेतो.