ओल्या पडद्याची मागची बाजू

भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. पिंपळाखाली कुणी घाबरलं असं कळलं, तर मुद्दाम तिथंच जाऊन विडी ओढणारा मी माणूस. आपल्या मासिकात हे सदर आलं की मी पान उलटून थेट कोड्यांकडे वळतो — संपादकांनी राग मानू नये. पण धुळ्यात भर दुपारी जे घडलं, ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं... आणि त्यात माझ्या बापाचं नाव गुंतलंय. म्हणून लिहितोय.

आधी जुनी हकिगत. मुक्या सिनेमाच्या दिवसांत पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी तंबू यायचा. पुरुष पुढे बसायचे आणि बायका पडद्याच्या मागे. पडदा पाण्यानं भिजवायचे, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. दगडू नावाचा माणूस पडद्याशेजारी उभा राहून तोंडानं गोष्ट सांगायचा.

माझे वडील, आबा, डावरे, म्हणजे डावखुरे. लहानपणी डाव्या हातानं जेवायचे म्हणून आजीनं त्या हाताला तापलेल्या उलथन्याचा चटका दिला होता. दगडूनं एकदा भर बाजारात त्या हाताची टिंगल केली. आबांनी तिथल्या तिथं त्याचे दोन दात पाडले. रागाच्या बाबतीत मी त्यांच्यावरच गेलोय.

त्याच संध्याकाळी खेळ संपला. पुरुष पाठ फिरवून बाहेर निघाले होते. यंत्राचा दिवा अजून चालू होता, आणि रिकाम्या पडद्यावर मागच्या बायकांना दोन सावल्या दिसल्या. एक पाठमोरी सावली विळा उगारून दुसरीवर सपासप घाव घालत होती. दगडूचा गळा अर्धा चिरला गेला.

कोर्टात साक्षीला उभी राहिली ती माझी फुई, म्हणजे आबांची सख्खी मोठी बहीण. खोटं बोलणं तिला ठाऊकच नाही. विळा कुठल्या हातात होता, असं वकिलानं विचारलं. ती म्हणाली, डाव्या. गावात डावरा एकच होता. आबा तुरुंगातच वारले. मी तेव्हा पाळण्यात होतो.

तर... त्या तंबूचे मालक वामननाना. त्यांनी धुळ्यात एका बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या गोदामात सिनेमाच्या इतिहासाचं संग्रहालय उघडल्याचं कानावर आलं. फुई हटूनच बसली.

"मरापहिले तो पडदा माले एकदा देखना शे."

"कशाला ते जुनं उकरायचं?"

"मना भाऊ तठेच गया रे मना हातमाईन."

भाऊ आपल्याच हातून गेला, हे तिच्या मनातून जात नव्हतं. नेलं तिला.

खरं सांगतो, सुरुवातीला मजा वाटली. हातानं फिरवायची यंत्रं, डोळा लावून बघायच्या पेट्या, जुन्या जाहिराती. नाना म्हातारे झाले होते, पण बोलायला खणखणीत. शेवटच्या भिंतीपुढे पडदा टांगलेला, कोपऱ्यात मोठा तपकिरी डाग. त्याखाली पाटी — "खुनी पडदा".

"एका डावऱ्याचा पराक्रम!" नाना हसत म्हणाले. आम्ही कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी त्यांची गचांडी धरून त्यांना यंत्रावर आपटलं. दुसरा ठोसा बसलाही असता, पण फुईनं माझा हात धरला. "सोड त्याले! मरी जाई तो!"

मी आबांचं नाव सांगितलं. नाना पांढरेफटक पडले. मग गोड आवाजात म्हणाले, "तापू नका भाऊ. बसा, तुम्हाला खेळ दाखवतो." त्यांनी स्वतः बादलीनं पडदा भिजवला. फुई जुन्या सवयीनं पदर सावरत पडद्यामागे जाऊन बसली. मी पुढे बसलो.

नानांनी हँडल फिरवलं. दोन योद्धे तलवारीनं लढत होते. मागून फुईचा आवाज आला, "दोन्ही डावऱ्याच शेतस रे!"

मी हसलो. मला तर दोघांच्याही तलवारी उजव्या हातात दिसत होत्या... आणि हसता हसता मी ताडकन उभा राहिलो. मागून सगळं उलटं दिसतं! त्या साध्याभोळ्या बाईला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कोर्टात शिकलेले एवढे लोक बसले होते, पण पडद्यामागे कधी कुणी बसलंच नव्हतं.

फीत संपली. पडदा पांढरा झाला आणि त्यावर दोन सावल्या उभ्या राहिल्या. दिवा आणि पडदा यांच्यामध्ये कुणीही नव्हतं. शपथेवर सांगतो, कुणीही नव्हतं! पाठमोऱ्या सावलीनं विळा उगारला. घाव बसला. पुन्हा बसला. दुसरी सावली गळा धरून खाली घसरली, आणि कोपऱ्यातला तो जुना डाग ओला होऊन लाल पसरू लागला.

"डावा हात!" फुई ओरडली. "देख, डावाच हात शे!"

"फुई, इकडे ये! पुढून बघ!"

ती धडपडत पुढे आली. विळा उजव्या हातात होता. फुईनं बघितलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवायला सुरुवात केली. रक्त आलं तरी थांबेना.

तेवढ्यात खाली पडलेली सावली उठली. तिनं दुसरीच्या हातातला विळा हिसकला आणि यंत्राच्या दिशेनं फिरवला.

नाना किंचाळले. त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा फाटला होता. रक्ताची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर उडाली. जमिनीवर लोळत ते एकच म्हणत होते, "पुरे... दगडू, पुरे!"

मग दिवा आपोआप विझला.

डॉक्टर म्हणाले, यंत्राची काच फुटून लागली असेल. मी परत जाऊन पाहिलं — काच शाबूत होती. पडदा वाळला होता, आणि डाग होता तसाच तपकिरी. नाना जगले, पण त्या दिवसापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. दगडूशी त्यांचं काय बिनसलं होतं, कोण जाणे. मी वकिलाकडे गेलो. तो हसून म्हणाला, सावलीची साक्ष कोर्टात चालत नाही.

आबांच्या वेळी चालली होती!

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला उमगलं तर जरूर कळवा. फुई आता डाव्या हातानं जेवते. पंगतीत बायका नाकं मुरडतात, कुणी तोंडावर बोलतं. ती मान वर न करता घास घेते आणि सांगते, "मना भाऊ असाच जेवे."