एकेचाळीस दिवसांचं पथ्य

"मास्तर, वयनी कोवळी, अन् आपले वकीलसाहेब पन्नाशीले टेकले. काहीतरी इलाज कराच लागते ना!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी पडद्याच्या अलीकडे चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि आमच्या लग्नाला बारा दिवस झाले होते. चहावर साय धरेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग आत जाऊन तो पुन्हा गरम केला.

घराच्या पुढच्या खोलीत चार पुरुष रोज संध्याकाळी बसू लागले आणि मागे एकटी बाई असली, की तिच्यापाशी किस्से आपोआप साठतात. ती काही वेचायला जात नाही. पडदा पातळ असतो, आणि वऱ्हाडातली माणसं हळू बोलत नाहीत! मी वाईची. आमच्याकडे जे कुजबुजतात ते इथं फाटकातून हाक मारून सांगतात. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, पुढे भांडण जुंपलंय. मग कळलं की विचारपूस चाललीय.

हे अमरावतीच्या कोर्टात वकील. वय सेहेचाळीस. पहिली बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी चोवीस. बैठकीतले बाकीचे तिघे साठीच्या आसपासचे. गुलाबराव हिवरखेडकडचे, काळ्या रानाचे मालक. भाऊबंदांशी दावा लढायला म्हणून अमरावतीत खोली घेतली, आता दावाही संपत नाही आणि खोलीही सुटत नाही. मास्तर गणिताचे, रिटायर झालेले. आणि नानाजी, जे सकाळी भिक्षुकी करत आणि दुपारनंतर वैद्यकी.

ते पहिले बारा दिवस सांगितले पाहिजेत. हे कोर्टातून आले की कोट खुंटीला लावून थेट स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसत आणि दिवसाचा खटला सांगत. साक्षीदाराचा आवाज वेगळा, सरकारी वकिलाचा वेगळा. मी भाकरी थापत ऐकायची. एकदा हसताना भाकरी तव्याऐवजी चुलीत गेली.

तेराव्या दिवशी इलाज सुरू झाला.

* * *

पहिला इलाज गुलाबरावांचा. मेळघाटातली पांढरी मुसळी, गाठोडंभर! दूध, तूप आणि खडीसाखर यांच्याबरोबर घ्यायची. नानाजींनी पथ्य सांगितलं. "एकेचाळीस दिवस. आंबट बंद, तिखट बंद. अन्..." इथं नानाजींनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला असावा. पण मला ऐकू आलं. "अन् बिछाना बाहेर. बायकोजवळ बसणं-बोलणंही बेतानंच. शक्ती साठवायची असते, वकीलसाहेब!"

म्हणजे बायकोसाठी औषध, आणि औषधासाठी बायकोपासून लांब. इतकं शिकलेल्या चार माणसांत हे कुणाच्या लक्षात येऊ नये?

मुसळी मीच कुटली. घरात दुसरं कोण होतं? हे व्हरांड्यात गेले, मी माजघरात राहिले. "भात?" "नको." "ताक?" "पथ्य आहे." हे आमचं संभाषण.

चाळिसाव्या दिवशी हे कोर्टात आर्ग्युमेंटला उभे राहिले, जोरात श्वास घेतला, आणि कोटाचं मधलं बटण तुटून थेट जज्जसाहेबांच्या टेबलावर! जज्जसाहेबांनी ते चिमटीत धरून विचारलं, "वकीलसाहेब, हे पुराव्यात दाखल करायचं आहे का?"

संध्याकाळी बैठकीत सगळे पोट धरून हसले. गुलाबराव मात्र गंभीर. म्हणाले, "हसून काय राहिले? ताकद आली म्हून तर बटन तुटलं!"

* * *

मास्तरांना हे पटलं नाही. "वजन वाढलं म्हणजे शक्ती वाढली असं नाही. मोजमाप पाहिजे."

मागच्या अंगणात दगडी उखळ होतं. चौघे तिथं गेले. एकेकानं धोतर खोचलं, अंगठे रोवले, दात खाल्ले. उखळ जागचं हललं नाही. मास्तरांनी त्याच्याभोवती खडूनं वर्तुळ काढलं. "नवा कोर्स सुरू करा. ज्या दिवशी उखळ वर्तुळाबाहेर, त्या दिवशी औषध लागू!"

नवा कोर्स अश्वगंधेचा. पुन्हा एकेचाळीस दिवस, पुन्हा व्हरांडा.

तीन आठवडे झाले असतील. मास्तर मागे हात धुवायला गेले आणि तिथूनच ओरडले. उखळ वर्तुळापासून दीड हात लांब, तुळशीपाशी! नानाजी पेढे घेऊन आले. हे म्हणत राहिले, "अहो, मी हातसुद्धा लावला नाही."

"झोपेत हलवलं असंन," गुलाबराव म्हणाले. "खऱ्या ताकदीचं माणसाले कळतच नसते!"

उखळाखाली विंचू होतात. दर आठ दिवसांनी तिथला केर काढावा लागतो. उखळ उचलायचं नसतं, कलतं करून कडेवर फिरवत न्यायचं असतं. मी दारातच उभी होते, हातात केरसुणी घेऊन. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग केरसुणीकडे. मला वाटलं, आता हसतील. पण तोंडात पेढा होता.

मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

* * *

नानाजी कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले होते, ते येताना एका शिलाजितवाल्यालाच बैठकीत घेऊन आले. काळी वडी, वर्तमानपत्राच्या कागदात. यांच्यातला वकील जागा झाला.

"कुठलं हे?"

"हिमालयातलं, साहेब."

"तुम्ही गेलात हिमालयात?"

"मी नाही जी. माल आला."

"स्वतः घेता?"

"दहा वर्सं झाले! एक दिवस नाही चुकला."

"वय काय तुमचं?"

"पस्तीस."

"म्हणजे पंचविशीपासून. पथ्यासकट?"

"पथ्यासकट!"

"मग घरी मुलंबाळं किती?"

त्यानं वडीचा कागद सारखा केला. म्हणाला, "लगन कुठी झालं साहेब! पथ्यच सुटत नाही!"

हे इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. इकडे मी पदर तोंडात कोंबला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसत होतो. मध्ये फक्त पडदा होता.

मग नानाजी म्हणाले, "हसण्यावारी नका नेऊ, वकीलसाहेब. माल अस्सल आहे." आणि ज्या माणसाला यांनी सहा प्रश्नांत उघडा पाडला, त्याचीच वडी दुसऱ्या दिवशी दुधात पडली!

थोडी वडी उरली होती, ती मी फडताळात ठेवली. तिला मुंग्या लागल्या. मी चार दिवस नीट लक्ष ठेवलं. मुंग्या होत्या तशाच होत्या.

* * *

नानाजींच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. बायका गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"पोरी, एकेचाळीस दिवसाचं कोनतं मंडल चालू आहे?"

"तिसरं." मी खाली मान घातली.

"आमचे स्वतः घेतात बरं. मी तीस वर्सं कुटून राहिली. शतावरी, गोखरू, कौचबीज, काय नाही कुटलं!" त्यांनी पदर बाजूला करून दंड वळवून दाखवला. "पाहा! सगळी ताकद इथी आली!"

मी पोट दुखेपर्यंत हसले. अक्का हसल्या नाहीत. माझ्या ओटीत नारळ घालत म्हणाल्या, "मले वाटे, बोलन म्हनून. मग बोलायचं राहून गेलं."

घरी आले तेव्हा बैठक भरलेली होती. मी मागच्या दारानं आत गेले.

* * *

नणंदेकडे अकोल्याला गेलो होतो. तिच्या शेजारी एक तरुण डॉक्टर नवा आला होता. हे म्हणाले, "जरा सर्दी दाखवतो." मला बाहेरच्या बाकावर बसवलं. मधलं पार्टिशन लाकडी, वरून उघडं. माझं नशीबच तसलं!

"डॉक्टर, माझा एक अशील आहे," यांनी सुरुवात केली.

"काय होतंय त्यांना?"

"तसं काही नाही. वय."

"काही त्रास? झोप, भूक, थकवा?"

"काही नाही. पण तो घेतो आहे." आणि यांनी सगळी यादी सांगितली. वैद्यकीच्या परीक्षेला बसल्यासारखी, कोणतं कशाबरोबर घ्यायचं त्या अनुपानासकट.

डॉक्टरांनी यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, "तुमच्या अशिलाला सांगा, चष्म्याचा नंबर बदलतो तसं वयाबरोबर बाकीचंही थोडं थोडं बदलतं. मुळ्या खाऊन वय मागं गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. दूध-तुपानं पोट तेवढं पुढं येतं. रोज चाला, नीट झोपा. खरंच काही वाटत असेल तर या, तपासू. लपवण्यासारखं त्यात काही नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अशिलाच्या बायकोचं काय म्हणणं आहे?"

"तिला विचारलेलं नाही."

"त्याच बाहेर बसल्यात का?"

परतीच्या पॅसेंजरमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मूर्तिजापूरला चहा आला. "घेतेस?" "हो." बडनेऱ्यापर्यंत एवढंच. पण मला वाटलं, सुटलं आता पथ्य. मी बशीत चहा ओतून हळूहळू प्याले, लवकर संपू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांनी बैठकीत सांगितलं, "एका डॉक्टरचं मत असं पडलं, की या औषधांत काही तथ्य नाही."

"कोनता डॉक्टर? वय काय त्याचं?" गुलाबरावांनी विचारलं.

"असेल अठ्ठावीस."

"कालचं पोट्टं! त्याले काहून कळंन? त्याले गरज कुठी हाय!"

चौथं मंडल सोमवारी सुरू झालं.

* * *

आणि मग कायाकल्प निघाला.

हे मंडल एकेचाळीस दिवसांचं नव्हतं, तीन महिन्यांचं होतं. नानाजींनी पोथी आणून वाचून दाखवली. माणसानं गाव सोडायचं, झोपडीत राहायचं, ऊन-वारा लागू द्यायचा नाही, स्त्रीचा शब्दही कानावर पडू द्यायचा नाही. झोपडी गुलाबरावांनी हिवरखेडच्या मळ्यात बांधूनसुद्धा घेतली होती! कोर्टाला सुटी लागली होती, पुढच्या तारखा यांनी लांबवून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या मोटारीनं निघायचं ठरलं. यांची ट्रंक मीच भरली. दोन धोतरं, चार बंड्या, उपरणं, वाचायचा चष्मा. चष्मा दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला.

"तुमची इच्छा आहे ना जायची?" दुपारी मी विचारलं. आठ महिन्यांत जेवणाखाण्यापलीकडचा बहुधा हा पहिलाच प्रश्न.

हे बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी खेळत बसले. "इच्छेचा प्रश्न नाही," म्हणाले. "तुझ्यावर अन्याय नको व्हायला." आणि उठून बाहेर गेले.

संध्याकाळी तिघे आले. गुलाबराव खुशीत होते. "तीन महिन्यांनी पाहा! वकीलसाहेबाले कोनी ओळखनार नाही. जज्ज म्हनंन, हा नवीन वकील कोन आला?"

"पथ्य मात्र कडक," नानाजी म्हणाले. "पत्रसुद्धा नाही पाठवायचं घरी."

"पत्रही नाही?" हे म्हणाले. फार हळू. नानाजींनी पोथीचं पान उलटलं.

मास्तर मोजमापाचे आणि रीतीभातीचे पक्के. ते पडद्याकडे वळून म्हणाले, "काय वहिनी, नेऊ ना यांना तीन महिने? तुमची हरकत नाही ना?"

ही विचारायची पद्धत असते. पडद्यानं गप्प राहायचं असतं, आणि गप्प राहणं म्हणजे होकार. मास्तर परत यांच्याकडे वळलेही होते.

मी पडदा बाजूला केला आणि ट्रे घेऊन बैठकीत गेले. त्या खोलीत ते चौघे असताना मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गुलाबरावांनी सवयीनं पाय खाली घेतले. नानाजींनी पोथी मिटली. हे उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नसावं.

ट्रे मी टेबलावर ठेवला.

"मास्तर, माझी हरकत आहे," मी म्हणाले. "आठ महिने हा खटला चाललाय, तो कुणाच्या फिर्यादीवरून? माझ्या नावावर चालला असेल, तर मी फिर्याद दिलेलीच नाही. वय यांनी मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. मी दोन दिवस मागून घेतले, विचार केला आणि मग हो म्हटलं. तेव्हा मला पसंत होते. अजून आहेत. चहा घ्या, गार होतोय. आणि आज जरा लवकर उठा."